सव्वासहा बोटं

जिन्याच्या पहिल्या वळणावर राजम मामीने सूर्यकांतच्या हातातली भाजीची पिशवी काढून घेतली. घेऊ का, देता का, काही विचारलं नाही. सरळ काढून घेतली. "आप मत उठाओ," ती म्हणाली आणि स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यांवर हात दाबत त्याच्या पुढे जिना चढायला लागली. पिशवीत होतं तरी काय? एक फ्लॉवर, थोडे मटार आणि भाजीवाल्याने वरून टाकलेली मिरची-कोथिंबीर. सूर्यकांत दोन पायऱ्या खाली तसाच उभा राहिला. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या या सरकारी क्वार्टर्समध्ये त्याची सोळा वर्षं गेली होती आणि एवढ्या वर्षांत वरच्या मजल्यावरच्या या तमिळ बाईने त्याला जिन्यात कधी साधी वाट दिली नव्हती. तिची वाळवणाच्या वडामांची परात, तिचे ओले कपडे, तिच्या देवळातल्या बायका, सगळ्यांना आधी जाऊ द्यायचं आणि आपण भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, हा इथला रिवाज. आज तीच बाई त्याचं ओझं वाहत होती. आणि वर पोचल्यावर तिने मागे वळून त्याच्याकडे जे बघितलं, ते तर त्याला मुळीच आवडलं नाही. दावणीच्या म्हाताऱ्या बैलाकडे माणसं असं बघतात.

दया म्हटली की सूर्यकांतच्या अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. कुणी पाणउतारा केला तर त्याला बरं वाटे, कारण उलटा पाणउतारा करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसात त्याच्या जिभेला सेक्शन ऑफिसरपासून चपराशापर्यंत सगळे टरकून असत. वजनमापं खात्यात जन्म गेलेला माणूस. पोकळ वजनं, तळाला मेण लावलेली मापं, दांडीखाली चिकटवलेले लोहचुंबक, सगळं त्याने हुडकून काढलं होतं, आणि त्यातून त्याचं एक मत पक्कं झालं होतं, की समोरचा माणूस तुम्हाला कमीच देणार. सूर्यकांतने एकदा मोजलं की ते पुन्हा मोजायची कुणाची छाती नव्हती, खुद्द त्याचीही पद्धत नव्हती. गेल्या पाच वर्षांत तर तुच्छतेला त्याला दिवस पुरेनासा झाला होता. जो तो हप्त्यांवर मारुती घेतोय, घरोघरी केबलच्या वायरी लोंबतायत, ज्यांना साधा बाजारहाट जमत नाही ते मार्केट, मार्केट करतायत. स्वतःचा जावई पेजर विकतो आणि त्याला सोल्यूशन विकतो म्हणतो. पोटची मुलगी कृतिका, इथंच वाढलेली, तिला मनगट हा शब्द येत नाही. ती कलाई म्हणते आणि वर "क्या फर्क पडता है यार बाबा" म्हणते. सूर्यकांत या सगळ्यांकडे ओठाचा एक कोपरा वर करून बघत असे. तो कोपरा आता तसाच राहिला होता, झोपेतसुद्धा.

म्हणून त्याने मामीला सोडलं नाही. वर जाऊन पिशवी घेतली आणि तिच्या दारात उभा राहिला. "मामीजी, बात क्या है?" एवढंच विचारलं आणि गप्प बसला. दुकानदाराला बोलतं करायची हीच रीत. ओरडायचं नाही, नुसतं तराजूकडे बघत राहायचं. मामी आधी म्हणाली, कुछ नहीं, ठंड बहुत है. मग म्हणाली, आप दुबला हो गया. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "चंद्रा को मत बोलना. वो बहुत रोया." रोया! एवढी वर्षं दिल्लीत काढून या बाईला बायकांचं क्रियापद येत नाही, हे आधी सूर्यकांतच्या मनात आलं, आणि त्यानंतर, जरा उशिरानेच, हे आलं की आपली बायको, चंद्रप्रभा, रडली, आणि ती का रडली हे आपल्याला माहीत नाही.

मामीने जे सांगितलं ते असं. तिचे वडील कुंभकोणमला सिद्ध पद्धतीचे वैद्य होते. ते नाडी नंतर बघत, आधी दोरा घेत. रोग्याच्या मनगटाच्या घडीपासून चार बोटं वर दोरा गुंडाळायचा, टोकाला टोक भिडेल तिथे तोडायचा, आणि मग तोच दोरा बोटं जुळवून त्यांच्यावर आडवा टाकायचा. नऊ-दहा बोटं भरला तर माणूस ठीक. जसजसा कमी भरेल तसतसं एकेक दुखणं. आठाला हे, साताला ते. सहाच्या आसपास आला की वडील औषध बांधून देत नसत, घरच्यांना बाजूला बोलावून घेत. दिवाळीच्या आधी एका रविवारी दुपारी सूर्यकांत घोरत असताना चंद्रप्रभाने त्याच्या मनगटाचा दोरा घेतला आणि वर मामीकडे नेला. सव्वासहा भरला. दिल्लीतच मुनिरकाला मामीच्या ओळखीचा एक वैद्य आहे, त्याच्याकडेही दोघी गेल्या होत्या. तो म्हणाला, माणसाला घेऊन या, दोरा घेऊन काय येता? पण माणसाला आणणार कसं? "चंद्रा बोला, वो हँसेंगे," मामी म्हणाली. "आप हँसते हैं न." मग वैद्याने नुसती शक्तीसाठी म्हणून एक पूड दिली. ती रोज रात्रीच्या दुधात असते.

सूर्यकांत हसला, अर्थातच हसला. दुधाला येणारा तो मातकट वास आठवून त्याला किळस आली तरी हसला. आणि मग हसता हसता त्याच्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. "बोटं कुणाची?" त्याने विचारलं. "उँगली किसकी थी?" मामीने त्याच्याकडे असं बघितलं की हा काय प्रश्न झाला. नेम असा की बोटं रोग्याचीच हवीत, हे तिला ठाऊक होतं. पण रोगी खाली झोपलेला. "चंद्रा की," ती म्हणाली. "पति-पत्नी का शरीर तो एक ही है न." तेवढं म्हणून तिने देवाला जोडतात तसे हात जोडले आणि आत जाऊन दार लावलं. सूर्यकांत जिन्यात एकटाच उभा होता. चंद्रप्रभाची बोटं! ती बोटं त्याच्याइतकी कोणाला माहीत होती? साखरपुड्यात अंगठी दुसऱ्या पेराशी अडली होती तेव्हा भर मांडवात तो म्हणाला होता, सोनाराला सांगा, सरळ बांगडीच घडव. काय हशा पिकला होता! ती पण हसली होती, आणि नंतरच्या एकूण एक फोटोंत तिचा हात पदराखाली होता. तेव्हा बोटं नुसती जाड होती. मग दिल्लीच्या थंडीत नळाच्या पाण्याने भांडी घासून, कणीक तिंबून, सतरंज्या पिळून त्यांचे सांधे सुजले, पेरं फुगली, आता तर आल्याच्या गड्ड्यांसारखी दिसत. आणि त्याची स्वतःची बोटं कारकुनाची, लांब, निमुळती. त्या जाड बोटांवर कुणाचाही दोरा टाका, तो मरणारच. इतकं सोपं होतं ते, आणि या बायकांनी त्यावर अश्रू ढाळले होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने फायलीचा दोरा मनगटाला गुंडाळला आणि आपल्याच बोटांवर टाकला. नवाच्या वर भरला. झालं तर मग! घरी जायचं, बायकोला समोर बसवायचं आणि तिच्या त्या तंजावरी शास्त्राचं तिच्यादेखत भरीत करायचं, एवढंच उरलं होतं. बसमध्ये त्याने वाक्यं जुळवलीसुद्धा. पण लक्ष्मीबाई नगरच्या थांब्यावर उतरेपर्यंत त्याच्या डोक्यात बेरीज पुरी झाली होती. दिवाळी. सगळं दिवाळीपासून बदललं होतं.

कारण त्याआधी, गणपतीच्या सुमाराला, चंद्रप्रभा स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता म्हणाली होती, "मी नोएडाला येणार नाही." आवाज चढवला नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं, दूध संपलंय म्हणावं तसं म्हणाली. "जानेवारीत तुम्ही रिटायर व्हाल. फ्लॅट तयार आहे, तिकडे राहायला जा. मी मिरजेला जाते. प्रमोदिनीच्या शाळेत लहान वर्गाला बाई हवीय." प्रमोदिनी म्हणजे तिची धाकटी बहीण, हौसेने बालवाडी काढून बसलेली. सूर्यकांतला आधी कळलंच नाही की ही राहायला जायचं म्हणतेय की कायमचं. कळलं तेव्हा त्याने ओठाचा कोपरा वर केला. "या वयात तुला शाळेत कोण ठेवून घेणार? पोरांची नाकं पुसायला?" "हो," ती म्हणाली. "इतकी वर्षं पुसलीच की. तिथली पोरं निदान हसतात तरी." बी.ए., बी.एड. होती ती. दिल्लीत आल्या आल्या दोनदा नोकरीचं म्हणाली होती आणि दोन्ही वेळा त्याने तिच्या इंग्रजीची नक्कल करून दाखवली होती, जेवायला आलेल्या पाहुण्यांसमोर. "कृतिकाचं लग्न झालं की जायचं, असं मी ठरवलं होतं," ती मेथीच्या काड्या गोळा करत म्हणाली. "ते झालं. आता तुमचा निरोप समारंभ होऊ दे, मग मी निघते." निजामुद्दीनहून मिरजेची गाडी होती, तिचं तिकीटसुद्धा तिने मामीच्या मुलाकडून काढवलं होतं. सूर्यकांत त्या दिवशी जेवला नाही. म्हणजे तिला तसं वाटावं म्हणून जेवला नाही. ऑफिसच्या कँटीनमध्ये छोले-भटुरे खाऊन आला होता.

नंतर ऑक्टोबरात शहरभर तापाची साथ आली आणि त्यालाही ताप आला. ताप उतरला, पण गाल बसले, शर्टाची कॉलर गळ्याभोवती लोंबायला लागली. चंद्रप्रभा एवढंसं तोंड करून त्याच्याकडे बघायची. आता उलगडा होत होता. जाऊ की नको, हे विचारायलाच ती मामीकडे गेली असणार. याचं सगळं ठीक आहे एवढं कुणी सांगितलं असतं तर ती खुशाल गेली असती. ठीक नाही असं निघालं, म्हणून राहिली. तिकीट परत केलं, माळ्यावरून काढलेली ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली, मिरजेचं नावही निघेना. आणि सूर्यकांतला वाटलं होतं, जिंकलो. बाईची अक्कल ठिकाणावर आली. दिवाळीपासून कसा थाट होता त्याचा! सकाळी उठायच्या आत बादलीत गरम पाणी. रात्री मऊ भात, मेतकूट, वर लिंबाचं लोणचं. तो टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला शिव्या घालायचा तेव्हा ही शेजारी बसून ऐकायची, उठून जायची नाही. एकदा तर पायाला तेल चोळता चोळता तिने विचारलं होतं, "तुम्हाला लहानपणी काय आवडायचं हो खायला?" असं त्याला जन्मात कोणी विचारलं नव्हतं. तो गोंधळून म्हणाला, सांज्याची पोळी. दुसऱ्या दिवशी तिने केली. त्याने चार खाल्ल्या आणि तूप कमी आहे म्हणाला. त्या रात्री अंधारात पडल्या पडल्या त्याला वाटलं होतं की आपण सुखी आहोत, आणि हे वाटलं म्हणून त्याला स्वतःचीच थोडी लाज वाटली होती.

तर ते सगळं मेलेल्या माणसाचं होतं. पितृपक्षात पानावर वाढतात तसं वाढलेलं. थांब्यावरून घरापर्यंतच्या वाटेवर सूर्यकांतचा संताप असा उसळला की एका फेरीवाल्याला त्याने उगाचच दटावलं. पण दार उघडून तिने त्याच्या हातातली छत्री घेतली, मफलर काढून खुंटीला लावला, "दमलात का?" म्हणाली, आणि जुळवलेल्या वाक्यांतलं एकही वाक्य तोंडातून बाहेर पडलं नाही. हिशोब उघड होता. गप्प बसलं तर ही नोएडाला येईल, रोज पाणी तापवील, जवळ बसेल. तोंड उघडलं तर दोरा खोटा ठरेल आणि ही जाईल. कुणालाही कळावं इतकं सरळ. तो गप्प बसला.

आणि गप्प बसणं त्याला मानवेना. आता प्रत्येक घासाला त्याला तिची दया लागायची. दूध तोंडाला लावलं की ती पेल्याच्या तळापर्यंत बघत उभी राहायची, आणि तिच्या चेहऱ्यावरची ती काळजी, ती भोळसट, अंगठाछाप काळजी बघून त्याला ओरडावंसं वाटायचं, अगं बावळट, बोटं तुझी आहेत, तुझी! शिकलेली बाई तू. पण त्याच वेळी तो दुसरंही करत होता, आणि त्याबद्दल त्याला स्वतःची शिसारी येत होती. एका संध्याकाळी ती मामीकडे जायला निघाली तेव्हा तो खोकला. काही खोकला आला नव्हता. ती दारातून परत फिरली, त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली. पुढल्या आठवड्यात त्याने जिन्यात मुद्दाम कठडा धरला. पोकळ वजन घेऊन बसलेल्या बनियांना त्याने आयुष्यभर रस्त्यावर उभं करून शरम आणली होती. त्यांच्या तोंडावर जो ओशाळा, तेलकट भाव असायचा तो आता दाढी करताना आरशात दिसायला लागला. खोटं माप आपल्या बाजूने आहे म्हणून मुकाट बसलेला दुकानदार. थू तुझ्यावर, तो आरशाला म्हणायचा, आणि चहा प्यायला बाहेर येताना पुन्हा जरासा वाकून चालायचा.

जानेवारीतल्या एका रविवारी दोघं फ्लॅटवर गेली, पडद्यांसाठी खिडक्या मोजायला. रिक्षा यमुनेच्या पुलावरून धुक्यात शिरली आणि पलीकडे ते सगळं सुरू झालं ज्याला वर्तमानपत्रं नवा भारत वगैरे म्हणत होती. अर्धवट उभे सांगाडे, सळया, रेतीचे ढीग, आणि माणूस राहायला यायच्या आधीच भिंतीभिंतींवर डिश अँटेनाच्या जाहिराती. सोसायटीत सगळे रिटायर होऊ घातलेले सरकारी बाबू. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायली अडवल्या, आता म्हणे इथं जॉगिंग ट्रॅक मागतायत. सूर्यकांत रिक्षातून उतरला तेव्हा खुशीत होता. असं काही दिसलं की त्याला हुरूप येई. रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून वाद घालून तो वळला, तर चंद्रप्रभा जिन्याच्या तोंडाशी चौकीदाराशी बोलत होती. लिफ्टच्या जागी नुसता खड्डा, त्यावर फळ्या. "लिफ्ट कब चालू होगी, भैया?" ती विचारत होती, हळू आवाजात, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. "नहीं तो कोई बीमार पड़े, उठ न सके, तो तीसरी मंज़िल से नीचे कैसे लाते हैं?" चौकीदार म्हणाला, कुर्सी पर बिठाके, माताजी. ती जिन्याच्या वळणावर गेली आणि दोन्ही हात पसरून तिथली रुंदी बघायला लागली, इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत. खुर्ची वळेल का. सूर्यकांतने हे खालून बघितलं. त्याला बसवलेली खुर्ची त्या वळणावरून उतरत होती आणि ती पुढे उभी राहून सांगत होती, सांभाळून, भैया.

तो तिच्यामागून वर आला. फ्लॅटमध्ये चुन्याचा आणि ओल्या सिमेंटचा वास होता, फरशीवर रंगाचे शिंतोडे. त्याने ऑफिसची पोलादी पट्टी काढली. तिने एक टोक धरलं, त्याने दुसरं, आणि पहिली खिडकी मोजून झाली, दुसरी झाली. मग ती म्हणाली, "पलंग या बाजूला ठेवू या. उठायला बरं पडेल तुम्हाला." बस्स. एवढ्या एका वाक्याने झालं. त्याने पट्टी सोडली, ती सळसळत आपल्या डबीत शिरली. "तो दोरा काढ," तो म्हणाला. तिला कळेना. "कुठला दोरा?" "माझ्या मनगटाचा. असणारच तुझ्याकडे. मी घोरत पडलो होतो तेव्हा घेतलेला. काढ!" चंद्रप्रभा पांढरीफटक झाली. तिने पर्समधून कुंकवाची जुनी डबी काढली. तीत तो होता, वेटोळं करून ठेवलेला, देवाच्या अंगाऱ्यासोबत. "तुम्हाला कोणी सांगितलं?" ती म्हणाली. "मामींनी? तुम्हाला कळू नये म्हणून किती..." आणि ती रडायलाच लागली. पण सूर्यकांत आता थांबणार नव्हता. किती दिवसांनी त्याच्या जिभेला धार आली होती! कुंभकोणमपासून मुनिरकापर्यंत त्याने सगळ्यांना सोलून काढलं. बी.एड. झालेल्या बाईने दुधातून माती पाजावी. जिला हिंदी धड येत नाही तिच्या तोंडून नवऱ्याचं मरण ऐकून यावं. "आणि खुळ्यांनो, ते तुमचं शास्त्रसुद्धा तुम्हाला धड येत नाही! बोटं रोग्याची लागतात. रोग्याची! सोसायटीचा प्लॉट कोणी शेजाऱ्याच्या पावलांनी मोजतं का? म्हणे नवरा-बायकोचं शरीर एक. कशाने एक? बघ तुझी बोटं, आणि ही बघ माझी."

त्याने आपली बोटं जुळवून तिच्यापुढे धरली. तिने डोळे पुसले आणि तो दोरा त्यांच्यावर आडवा टाकला. तिचे ओठ हलत होते. एक हात संपला, दुसरा लावला, मग पुन्हा पहिल्याचं एक बोट, आणि तरी दोऱ्याचं टोक उरलं. "पुन्हा," ती म्हणाली. सूर्यकांतने हात तसेच धरून ठेवले. तिने पुन्हा टाकला, अगदी अलगद, कुठे ताणला तर जाणार नाही ना हे बघत. तिच्या सुजलेल्या पेरांचा स्पर्श त्याच्या बोटांना होत होता आणि ती कोमट होती.

"नऊ?"

"नऊ आणि वर! नऊ आणि वर. घोडा आहे मी घोडा. मरत-बिरत नाही इतक्यात."

"म्हणजे काही झालेलं नाही तुम्हाला?"

"काडीचंसुद्धा नाही."

चंद्रप्रभा खिडकीच्या कट्ट्यावर मटकन बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हुंदक्यांनी रडली, आणि रडता रडताच हसायला लागली. "सुटले रे देवा," ती म्हणाली. "किती भ्याले होते हो मी! रात्र रात्र तुमचा श्वास ऐकत पडायची." तिला आनंद झाला होता. खरा, निर्मळ आनंद, त्याच्या जगण्याचा. त्यात कुठं भेसळ असती तर ती सूर्यकांतच्या नजरेतून सुटली नसती. असा आनंद त्याच्यासाठी कोणाला झालेला त्याने पाहिला नव्हता. तो छाती पुढे काढून उभा राहिला. क्षणभर त्याला वाटलं की आपण हे जिंकलं, शास्त्रही आणि बायकोही, आणि इतके दिवस उगाच भ्यालो. मग तिने नाक पुसलं, कुंकवाची डबी पर्समध्ये टाकली, दोरा मात्र खिडकीबाहेर सोडून दिला, आणि उठून उभी राहिली. पाठ सरळ केली तिने. दिवाळीपासून ती वाकून चालत होती हे त्याच्या आता लक्षात आलं.

"चला, राहिलेल्या खिडक्या उरकू," ती म्हणाली. तिने टोक धरलं. बैठकीची खिडकी मोजून झाली तशी म्हणाली, "पडदे गडद रंगाचे घ्या. फिके मळतात, आणि तुम्हाला धुवायला जमायचे नाहीत." स्वयंपाकघरात म्हणाली, "गॅसवाल्याला आधीच सांगून ठेवा. आणि एक बाई लावा पोळ्यांना. मामी बघून देतील कुणी." तिच्या आवाजात राग असता तर सूर्यकांतला काही करता आलं असतं. रागाशी कसं वागायचं हे त्याला येत होतं. पण ती ममतेने बोलत होती, लांबच्या गावाला परीक्षेला निघालेल्या पोराला सांगावं तशी. "तुमचा निरोप समारंभ होऊ दे. हार घातलेला बघून मगच निघेन. मिरजेची गाडी अजून निजामुद्दीनहूनच सुटते ना हो?"

"सुटते," सूर्यकांत म्हणाला.

त्याच्या घशात खोकला येऊन थांबला. त्याने तो खोकून पाहिलासुद्धा, एकदा. तिने वळून बघितलं, "चुन्याची धूळ आहे, पाणी प्या," म्हणाली आणि आपलं मोजमाप पुढे चालू ठेवलं. आता खोकल्याचं काही वजन राहिलं नव्हतं. नऊ बोटांच्या माणसाचा खोकला होता तो. त्याला वाटलं, मिरजेचा आणि त्या शाळेचा काहीतरी शेलका उद्धार करावा, तिच्या बहिणीच्या हौसेचा, सर्दीने भरलेल्या त्या पोरांचा. शब्द तयारही होते, नेहमीप्रमाणे अगदी जिभेवर. ते तसेच राहिले आणि तोंडात कडू झाले. बाहेर धुकं विरत होतं. समोरच्या इमारतीवर मजूर बायका विटा वर देत होत्या, एकीच्या हातातून दुसरीच्या हातात. शेवटची खिडकी न्हाणीघराची, हातभर रुंद. ती कुणीही एकट्याने मोजली असती, तरी ती दोघांनी मोजली.

"झालं सगळं," चंद्रप्रभा म्हणाली, आणि टोक सोडायला लागली. पण सूर्यकांतने पट्टी आत जाऊ दिली नाही. तशीच उघडी धरून तो झोपायच्या खोलीत गेला, पट्टीमागून तिलाही यावं लागलं, आणि पहिल्या खिडकीशी जाऊन त्याने आपल्या हातातलं टोक चौकटीला लावलं.

"ही मोजली की मघाशी," ती म्हणाली.

"धर जरा," सूर्यकांत म्हणाला. "माझं चुकलं असेल."